पुलाखालून दोनदा

"मामा, तो पूल दोनदा का येतो?"

2016 सालची गोष्ट. रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला आणि हॅलोसुद्धा न म्हणता तिने हा प्रश्न टाकला. मी विचारलं, "कुठला पूल?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "टिरियन होडीतून जातो ना, धुक्यात, तो. त्या पुलाखालून जातात आणि थोड्या वेळाने तोच पूल परत समोर येतो. तू वाचलंयस ना हे पुस्तक?"

वाचलं होतं. 2011 च्या जुलैत, हातात पडल्यापासून चार दिवसांत, रजा काढून वाचलं होतं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचं पाचवं पुस्तक, 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'. त्यातला टिरियन या बुटक्या सरदारपुत्राचा नदीप्रवास मला इतका कंटाळवाणा वाटला होता की पुढची पाच वर्षं कोणाशीही बोलताना मी त्याचा उल्लेख 'ती नदी' असाच करायचो, आणि समोरच्यालाही तेवढ्यावरून कळायचं. फोन ठेवला, कपाटातून पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्याच ते प्रकरण उघडलं. पूल खरोखरच दोनदा येतो. होडीवरची माणसंसुद्धा चक्रावतात. हा तर मागे टाकला, नद्या काही उलट्या वाहत नाहीत, असं त्यांच्यातला एक जण बोलूनही दाखवतो. सगळं ढळढळीत छापलेलं. मी ते पान वाचलंच नव्हतं. नजर फिरवली होती, पान उलटलं होतं, पण वाचलं नव्हतं.

(इथून पुढे कथानकातलं बरंच काही उघड होणार आहे. ज्यांना ही मालिका अजून वाचायची आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.)

मी पहिली तीन पुस्तकं 2001 मध्ये लागोपाठ वाचली. पहिलं 1996 चं, दुसरं 1998 चं, तिसरं 2000 चं. दोन-दोन वर्षांच्या अंतराने पुस्तक येत होतं, त्यामुळे चौथं 2002 मध्ये येणार हे मी गृहीत धरलं होतं. तिसऱ्याच्या शेवटी टिरियन बापाचा खून करून परागंदा होतो, जॉन स्नो उत्तरेच्या सीमेवरच्या भिंतीचा सेनापती होतो आणि तीन ड्रॅगनांची मालकीण डेनेरिस जिंकलेल्या मीरीन शहरातच राहून राज्य करायचं ठरवते. तिघांनाही अशा वळणावर सोडलेलं की जीव टांगणीला लागावा.

चौथं आलं 2005 मध्ये, आणि त्यात या तिघांचीही प्रकरणं नव्हती. पुस्तक हाताबाहेर मोठं झालं होतं, म्हणून मार्टिननी ते मधोमध कापलं. पण कथा अर्ध्यावर तोडण्याऐवजी त्यांनी माणसं वाटून घेतली: निम्म्या माणसांची पूर्ण गोष्ट या पुस्तकात, उरलेल्यांची पुढच्यात. शेवटच्या पानावर तसं सांगणारी एक टीप होती. राहिलेला बराचसा भाग लिहून झालाय, पुढच्या वर्षी तो येईल, असा तिचा सूर. ते 'पुढचं वर्ष' उजाडायला 2011 लागलं. म्हणजे या तीन पात्रांची खरी प्रतीक्षा सहा वर्षांची नव्हतीच, मूळ वाचकांसाठी ती अकरा वर्षांची होती. 'सहा वर्षं वाट पाहिली' असं म्हणणाऱ्यांनाही हे पुष्कळदा लक्षात राहत नाही.

त्या काळात मी एक वही केली होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात प्रश्न लिहायचे, पुस्तकं पुन्हा वाचायची, पुरावे शोधून त्याखाली पान क्रमांक टाकायचे. जॉनची आई कोण? डेनेरिसच्या तीन ड्रॅगनांवर कोण कोण बसणार? टिरियन मीरीनला पोचला की ती त्याला ठेवून घेईल की मारेल? 2011 पर्यंत त्रेचाळीस प्रश्न झाले. काहींची उत्तरं मी स्वतःच लिहून टाकली होती, दोन-दोन पानं भरून, आणि ती मला अगदी पटलेली होती. ती वही करताना मी जितका सुखात होतो तितका कित्येक पुस्तकं वाचतानाही नव्हतो. एखाद्या पात्राने जेवताना टाकलेल्या वाक्याला मी अर्धा रविवार देत असे.

मग पुस्तक आलं. सुमारे हजार पानांचं.

आम्ही चार मित्र ते एकाच वेळी वाचत होतो आणि आमची चार मतं झाली. एकाने तीनशेव्या पानाच्या आसपास सोडून दिलं आणि आजतागायत पुन्हा हातात घेतलं नाही. त्याची तक्रार रास्त होती: कोणीच कुठे पोचत नाही. टिरियन मीरीनला निघालाय, क्वेंटिन निघालाय, व्हिक्टेरियन निघालाय, आणि जिच्यासाठी हे सगळे निघालेत ती डेनेरिस मीरीनमध्ये अडकून पडलीय. नमनालाच घडाभर तेल. दुसऱ्याला हेच आवडलं. जिंकणं सोपं आणि राज्य चालवणं अवघड, हे एवढ्या तपशिलात कल्पितकथेत कोणी दाखवतं का, असं तो म्हणायचा. तिसरी मैत्रीण फक्त थिऑनबद्दल बोलायची, त्याच्याकडे नंतर येतो. आणि मी? मी पुस्तक संपवलं, वही काढली आणि टिक करायला बसलो. त्रेचाळीसपैकी सहा.

त्या रात्री मी खरोखर चिडलो होतो. उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्याचं युद्ध आणि मीरीनचं युद्ध, ज्यांची तयारी पानोपानी चालली होती, ती दोन्ही या पुस्तकात होतच नाहीत. ती पुढच्या पुस्तकात ढकलली गेली. जॉनला त्याचीच माणसं भोसकतात आणि तो धागा तिथेच तुटतो. डेनेरिस एका ड्रॅगनसह गवताळ रानात एकटी उरते. पहिल्या पुस्तकात आठ माणसांच्या नजरेतून कथा चालते, प्रस्तावनेचं प्रकरण वेगळं. इथे तीच संख्या सोळा होते, शिवाय सुरुवातीला एक आणि अखेरीस एक. एवढ्या सगळ्यांना पुढे न्यायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला चार पावलं येणार, हा साधा हिशोब आहे. त्यामागे आणखी एक कारण होतं, ते मला नंतर कळलं. तिसऱ्या पुस्तकानंतर कथा एकदम पाच वर्षं पुढे न्यायची असा मार्टिनचा मूळ बेत होता. मुलं मोठी होतील, ड्रॅगन वाढतील. लिहायला घेतल्यावर मात्र काही पात्रांच्या बाबतीत ती मधली वर्षं मागे वळून सांगत बसावं लागत होतं, म्हणून त्यांनी तो बेत सोडला. जी वर्षं गाळायची होती तीच आता पानापानाने जगायची होती. मीरीनमध्ये कोण कधी पोचतं आणि कोणाच्या आधी, याचा गुंता सोडवण्यातच त्यांची कित्येक वर्षं गेली, आणि तो सुटला तो डेनेरिसचा म्हातारा अंगरक्षक बॅरिस्टन याच्या नजरेतून प्रकरणं लिहिल्यावर.

हे कळल्यावर रागाची धार कमी झाली, पण मत तेवढ्याने बदललं नाही. पुस्तक का रेंगाळलं हे समजलं म्हणून ते कमी रेंगाळत नाही.

टिरियन आणि डेनेरिसची भेट हा माझ्या वहीतला प्रश्न क्रमांक दोन होता. पुस्तकात काय होतं पाहा. टिरियन गुलाम म्हणून विकला जातो, आणि झुंजींच्या रिंगणात डुकरावर बसून करायच्या हास्यास्पद खेळासाठी त्याला उतरवलं जातं. वर राणीच्या आसनावर डेनेरिस. खेळ संपला की टिरियन आणि खेळातली त्याची जोडीदार अशा दोघा बुटक्यांवर सिंह सोडायचे, असं ठरलेलं असतं. तिला ते कळतं आणि ती मनाई करते. ज्याला ती ओळखत नाही त्याचा जीव ती वाचवते, आणि थोड्या वेळात ड्रॅगन येऊन सगळा नूर पालटतो. ते एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. मला 2011 मध्ये एवढंच दिसलं: भेट झाली नाही. वहीत मी पेनने फुली मारली, इतक्या जोरात की मागच्या पानावर वळ उठला.

आज मला तो प्रसंग पुस्तकातल्या सर्वांत सुंदर प्रसंगांपैकी एक वाटतो. पण हे मी वहीशिवाय वाचलं तेव्हा कळलं.

आता थिऑन. तो आम्हाला शेवटचा धड दिसला होता दुसऱ्या पुस्तकात. उद्दाम, देखणा, सतत हसणारा पोरगा, ज्याने विंटरफेल घेतलं आणि गमावलं. तिसऱ्या पुस्तकात त्याची कातडी सोलली जात असल्याच्या बातम्या तेवढ्या येतात, चौथ्यात तो नाहीच. पाचव्या पुस्तकात एक प्रकरण येतं, शीर्षक 'रीक'. अंधारकोठडीत कोणीतरी जिवंत उंदीर दातांनी फाडून खातंय, आणि पावलं वाजली तेव्हा त्याला भीती वाटते ती मरणाची नव्हे, तर उंदीर काढून घेतील याची. त्याचं नाव रीक. आपलं नाव विसरू नये म्हणून तो त्याला यमकं जुळवत बसतो. बोटं कमी आहेत. त्याला न्यायला आलेली दोन मुलं त्याच्या ओळखीची आहेत, आणि ती त्याला म्हातारा समजतात.

कोण आहे हे मला ज्या क्षणी उमगलं त्या क्षणी मी पुस्तक मिटलं. खोलीत उठून उभा राहिलो. दहा वर्षं हा माणूस माझ्यासाठी एका वाक्यातली बातमी होता. मी त्याला जवळजवळ विसरलो होतो, आणि त्या दहा वर्षांत तो तिथे होता. पुढे त्याच्या प्रकरणांची शीर्षकं बदलत जातात. 'विंटरफेलचा राजपुत्र', 'फितूर', 'विंटरफेलमधलं एक भूत' अशी, कोणी ना कोणी त्याला दिलेली नावं. आणि अगदी शेवटी एका प्रकरणाच्या माथ्यावर फक्त 'थिऑन' असं येतं. ते शीर्षक पाहून माझे डोळे भरून आले. एका शब्दाचं शीर्षक! आमची ती मैत्रीण म्हणायची की या सात प्रकरणांसाठी मी आणखी सहा वर्षं थांबले असते, आणि ती मनापासून म्हणत होती.

भाचीला मी नंतर मुद्दाम विचारलं, रीक वाचताना काय वाटलं? ती म्हणाली, "चांगलं आहे. पहिल्याच पानावर कळलं की थिऑन आहे." तिने दुसरं पुस्तक पाच आठवड्यांपूर्वी संपवलं होतं. तिच्या लेखी तो कुठे गेलाच नव्हता.

आणि नदी? नदीवर ती भाळली होती. तिने मला ते प्रकरण फोनवर पाऊण तास समजावून सांगितलं. पाण्यातून वर येणारं ते अजस्र शिंगाळ कासव, ज्याला पाहून होडीतले सगळे आनंदाने ओरडतात. बुडालेल्या शहराचे अवशेष, दगड होत चाललेली रोगी माणसं, धुकं. हसतखेळत शेरे मारणारा टिरियन आतून किती पार मोडलाय हे कुठेही न सांगता दाखवलेलं. तो प्रत्येकाला विचारत सुटतो तो एकच प्रश्न, ज्याचं उत्तर कोणाकडेच नाही. आणि पूल. "त्यांना तिथून निघताच येत नाही असं वाटतं मला," ती म्हणाली. "आणि त्यालाही निघायचं नाहीये." मी ऐकत होतो आणि मला आठवत होतं की 2011 मध्ये याच पानांवर मी उरलेल्या पानांची जाडी बोटाने मोजत होतो. मला मीरीनला पोचायचं होतं. टिरियनपेक्षा मला घाई होती.

एकच पुस्तक, एकाच लेखकाने लिहिलेलं. ज्या दहा वर्षांनी माझी नदी नासवली त्याच दहा वर्षांनी मला ती कोठडी दिली. भाचीला नदी मिळाली आणि कोठडी निम्मीच मिळाली. 2011 च्या एप्रिलमध्ये या मालिकेवरचं टीव्ही रूपांतर सुरू झालं आणि जुलैत पाचवं पुस्तक आलं. म्हणजे त्या उन्हाळ्यात कोणी तीन महिन्यांपूर्वी या जगात आलेलं होतं आणि कोणी पंधरा वर्षांपूर्वी, आणि सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक. मतं दुभंगली यात नवल ते काय! पुढे वाचकांनी चौथ्या-पाचव्या पुस्तकाची प्रकरणं एकमेकांत ओवून एकच सलग क्रम तयार केला. तसं वाचलं की रेंगाळणं बरंच कमी जाणवतं, हे मी स्वतः करून पाहिलंय. कापलेलं पुस्तक वाचकांनी आपल्या हाताने शिवलं.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' मालिकेचंही असंच. नववं पुस्तक 2000 च्या अखेरीस आलं आणि एका प्रचंड घटनेवर संपलं. दहावं 2003 च्या जानेवारीत आलं, आणि त्याचा मोठा भाग त्या घटनेच्या वेळी बाकीची माणसं कुठे काय करत होती हे सांगण्यात गेला. ज्यांनी दोन वर्षं थांबून ते वाचलं त्यांचा पार हिरमोड झाला. आज चौदाच्या चौदा पुस्तकं लागोपाठ वाचणाऱ्यांतले बरेच जण त्या भागाशी येतात आणि विचारतात, इतकं काय वाईट आहे यात? जॉर्डन 2007 मध्ये गेले आणि शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले. वाट पाहण्यात ही भीतीही असते, आणि वाचक ती मोठ्याने बोलायला बिचकतो.

इथे मला एक फरक करावासा वाटतो. उर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी'ची तीन पुस्तकं 1968 ते 1972 या काळात आली. चौथं, 'तेहानू', आलं 1990 मध्ये. अठरा वर्षं! आणि त्यात काय? महाजादूगार गेड आपली सगळी शक्ती गमावून परत येतो, पुढे बकऱ्या राखतो. कथा सांगितली जाते ती तेनारच्या बाजूने, जी आता मध्यमवयीन, विधवा, शेतावर राहणारी बाई आहे, आणि तिने सांभाळलेल्या एका भाजलेल्या मुलीच्या बाजूने. त्याला नेब्युला पुरस्कार मिळाला, आणि तरीही अनेक वाचकांना फसवल्यासारखं वाटलं. आमचा जादूगार परत द्या, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या बाजूचा नाही. ले ग्विन यांनी वाचकांना हवं होतं ते समजून उमजून नाकारलं आणि त्याजागी दुसरं, माझ्या मते अधिक मोठं, काहीतरी ठेवलं. नाकारण्याचा हक्क लेखकाला आहे आणि अनेकदा त्यातूनच उत्तम पुस्तक होतं. पुढे ढकलणं ही वेगळी गोष्ट. पाचव्या पुस्तकाने मला युद्ध नाकारलं असतं तर मी मान्य केलं असतं. त्याने ते कबूल केलं, उंबऱ्यापर्यंत आणलं आणि दार लावून घेतलं. ही तक्रार माझी आजही आहे, नदीचं प्रेम जडल्यावरही.

2009 मध्ये एका वाचकाने लेखक नील गेमन यांना विचारलं होतं की मार्टिन यांच्यावर वाचकांची काही बांधिलकी नाही का. त्यांनी ठणकावून सांगितलं की लेखक हा तुमचा ताबेदार नाही. बरोबरच आहे. पण त्या वाक्याचा वापर पुढे कोणत्याही नाराजीचं तोंड बंद करायला होऊ लागला, ते मला आवडत नाही. लेखकाला शिव्या देणं, त्याच्या वयाचे आणि तब्येतीचे हिशोब मांडणं हे हीन आहे. पुस्तक वाचून 'मला हे लांबलं असं वाटलं' म्हणणं हे मात्र वाचकाचं कामच आहे. माझ्या ज्या मित्राने ते तीनशे पानांवर सोडलं त्याने लेखकाचा कसलाही अपमान केलेला नाही. उलट तो पहिल्या तीन पुस्तकांबद्दल अजूनही इतक्या तळमळीने बोलतो की मला वाटतं, सोडल्याचं सर्वांत जास्त दुःख त्यालाच झालंय.

सहावं पुस्तक अजून आलेलं नाही. माझी चौथ्या आणि पाचव्यामधली प्रतीक्षा सहा वर्षांची होती. भाचीने पाचवं संपवलं 2016 मध्ये, म्हणजे तिने मला केव्हाच मागे टाकलंय. ती आता नोकरी करते, फोन क्वचित येतो, पण आला की कधी ना कधी गाडी त्या धुक्यातल्या पुलावर जातेच. मध्यंतरी तिने पाचही पुस्तकं पुन्हा वाचली. रीकचं प्रकरण या वेळी तिला एका बैठकीत वाचवेना, असं ती म्हणाली. तिने ते दोन दिवसांत वाचलं.

गेल्या महिन्यात तिने मला एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. बारीक अक्षरात प्रश्न, प्रत्येकाखाली पुस्तक आणि प्रकरण यांचे आकडे, काही ठिकाणी बाण. पहिला प्रश्न: 'पूल दोनदा का?' आणि त्याखाली चांगलं अर्धं पानभर तिचं उत्तर. सुरेख उत्तर आहे, मला सुचलं नसतं. मी ते तीन वेळा वाचलं आणि फोन लावला.

म्हटलं, "हे पान फाडून टाक."

"आता काय उपयोग, मामा," ती म्हणाली. "पाठ झालंय."